उतार

आमच्या मैदानाला उतार आहे.
पाण्याच्या टाकीकडून निंबाकडं, सगळा मिळून हातभर.
नुसत्या डोळ्याला दिसत नाही.
फक्कीचा डबा घेऊन सोळा वर्षं वाकून चाललेल्या
कमरेला तो कळतो.
आणि चेंडूला.

दिवाळीनंतर पोरी ओळीनं पाच सामने हरल्या.
जालन्याकडून सहा गोल खाल्ले त्या दिवशी
तस्लीम जाळीला पाठ लावून बसून राहिली,
पॅडचा पट्टा तुटलेला, त्या जागी परकराची नाडी.
खिल्लारे सर काही बोलले नाहीत.
सरांचं न बोलणं शिव्यांपेक्षा जड.

मग संक्रांतीच्या पुढंमागं काय झालं कोण जाणे.
सत्यशीला रोडगे,
पहिल्या वर्षी स्टिक विळ्यासारखी धरणारी,
एक दिवस चेंडू गोलाकडं न मारता
टाकीच्या अंगानं वर ढकलून गप उभी राहिली.
चेंडू चढला, दमला, वळला
आणि खालून पळत आलेल्या उज्माच्या स्टिकला
आपण होऊन लागला.

तिथून पुढं चार जिंकल्या, एक बरोबरी, परत दोन जिंकल्या.
सेलूच्या सलूनमध्ये लोक विचारायलेत,
काय वाघमोडे, पोरी लई पेटल्यात म्हणं?
मी हो म्हणतो.
उताराचं सांगत नाही.

आता राहिलेले तिन्ही सामने बाहेर.
सोमवारी हिंगोली, काळ्या मातीचं मैदान,
भेगांवरून चेंडू बेडकासारखा उडतो.
गुरुवारी नांदेड.
आणि शेवटी संभाजीनगर, निळं टर्फ,
ताटासारखं सपाट,
त्यावर सामन्याआधी फवाऱ्यानं पाणी मारतात म्हणं.
एक खरी काडी उगवत नाही तिथं, अन् पाणी मारतात.
आमच्याकडं नळ आठव्या दिवशी.

रात्री झोप लागंना.
पोरी खेळायला शिकल्या
की नुसतं माझं मैदान शिकल्या?

शनिवारी मी चोरी केली.
वसतिगृहाच्या टँकरवाल्या बळीरामला दोनशे रुपये दिले
आणि पहाटे साडेचारला
अर्धा टँकर मैदानावर सोडला.
पाणी त्याच पोरींच्या अंघोळीचं होतं.
हे मी कबूल करतो, सारवत नाही.
मुरूम आधी फुसफुसला, मग अंधारात चमकायला लागला.

साडेपाचला पोरी आल्या.
चेंडू सुटला तो साबणाच्या वडीसारखा.
उज्मा घसरून पडली, पडल्या पडल्या हसली.
सत्यशीलानं सवयीनं टाकीकडं ढकलला.
तो वळला नाही.
सरळ रेषेबाहेर, कुंपणापर्यंत.
तिनं कुंपणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
मी निंबाकडं बघितलं.
दुसऱ्या वेळी तिनं थोडा आत मारला.
तिसऱ्या वेळी अजून आत.

सर आले, बूट चिखलात रुतला.
बोटावर माती घेऊन बराच वेळ बघत राहिले.
फाल्गुन अर्धा सरलेला.
म्हणाले, रात्री दव लई पडलं दिसतंय.

आज सकाळच्या एसटीनं गेल्या.
स्टिका खताच्या गोणीत,
गोणीचं तिकीट काढायचं का यावर कंडक्टरशी वाद,
तस्लीम खिडकीतून ओरडली, मामा, फोन चालू ठेवा.
सोळा वर्षांत बाहेरचा एकही सामना मी बघितला नाही.
मैदान सोबत नेता येत नाही,
म्हणून मैदानवाल्यालाही नेत नाहीत.

अकरा वाजलेत. तिकडं शिट्टी झाली असंल.
इथं चिखल वाळून दगड झालाय,
त्यात बुटांचे ठसे, वाकडेतिकडे, बरेचसे चढाकडं तोंड केलेले.
सामना नाही, तरी मी फक्की मारली.
निंबाखाली एक जुना चेंडू सापडला.
हरवलेलं सगळं शेवटी तिथंच येतं.

तो उचलून टाकीपाशी नेला,
जमिनीवर ठेवला, हात काढून घेतला.

थोडा वेळ तो हललाच नाही.